पिझ्झावर काकवी

जुलैत लेक पुण्याहून आठ दिवसांच्या सुट्टीवर घरी आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "आई, आपण घरी गोड-तिखट पिझ्झा करूया." मैत्रिणींबरोबर तिनं कुठंतरी मिरची मुरवलेला मध घातलेला पिझ्झा खाल्ला होता. अमेरिकेत ही पद्धत आता चांगली रुळली आहे. भट्टीतून काढलेल्या गरम पिझ्झावर तिखट मधाची धार सोडतात. ती चव सांगत गेली तशी मला ती ओळखीची वाटायला लागली. जिभेला आधी गोड लागतं, मग टोमॅटोचा आंबटपणा येतो आणि घास गिळल्यावर मिरची चढते. हे तर आपलं पंचामृत! देवाच्या अभिषेकाचं नव्हे, सणाच्या पानात डावीकडे वाढतात ते. मिरच्या, चिंच, गूळ, तीळ आणि शेंगदाणे घालून शिजवलेलं. माझ्या आईच्या हातचं पंचामृत मी लहानपणी बोटानं चाटून खायचे. तेव्हाच मनाशी ठरवलं, मध आणायचा नाही. घरात काकवी होती.

जानेवारीत मुलांना घेऊन माहेरी, पन्हाळ्याच्या पायथ्याला गेले होते, तेव्हा गुऱ्हाळावरून ही बाटली आणली होती. चुलवाणावर काहील चढलेली, रस खदखदतोय, रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी फेसासारखी वर येतेय आणि एक जण ती झाऱ्यानं काढून टाकतोय. रस आटत आटत गूळ व्हायच्या आधी, साधारण १०५-१०६ अंशांवर, जो पातळ पाक काढून घेतात ती काकवी. गूळ व्हायला तोच पाक पुढं ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. गुळव्याजवळ थर्मामीटर नव्हता. तो नुसती धार बघत होता, मधूनच थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपत होता. एकदम म्हणाला, "ताई, करा बाटली पुढं." कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचा आम्हा सगळ्यांनाच अभिमान आहे, पण माझा जीव काकवीवर जास्त. तिच्या गोडीत उसाचा हिरवा वास असतो, किंचित खारटपणा असतो, चुलवाणाचा धूरही कुठंतरी असतो. चीजच्या जोडीला उभं राहायला असंच काहीतरी लागतं.

रविवारी पहिला पिझ्झा केला तो बेकरीतून तयार बेस आणून. तो झाला आणि संपलाही, मुलं भुकेली होती. पण त्यात गोड-तिखट असं काही नव्हतंच, सगळं नुसतं गोडसर होतं. बेस पावासारखा गोड, बाटलीतला सॉस गोड, त्यावर मी काकवी घातलेली. तिखट म्हणून वरून घातलेल्या मिरचीच्या पुडीला टेकायला जागाच राहिली नव्हती. एक गोष्ट त्या दिवशी पक्की कळली. गोड एकाच ठिकाणी हवं. बेस अळणीकडे झुकणारा, सॉस आंबट, चीज खारट आणि गोडाचा मान फक्त काकवीला.

म्हणजे बेस घरीच करणं आलं.

सोमवारी मी घाई केली. बाहेर धो धो पाऊस, स्वयंपाकघरात गारठा, पीठ फुगायला वेळ लागेल म्हणून यीस्ट भिजवायला पाणी चांगलं गरम घेतलं. यीस्ट जिवंत असतं. कोमट पाण्यात, म्हणजे ३८-४० अंशांत, ते खुशीत फसफसतं. पाणी ५५-६० अंशांच्या पुढं गेलं की मरतं. दहा मिनिटांनी वाटीत फेस यायला हवा होता, तो आला नाही आणि तरीही मी ते मैद्यात ओतलं, कारण अर्धा किलो मैदा चाळून तयार होता. तीन तासांनी परातीत जसा गोळा ठेवला होता तसाच होता. त्याच्या रात्री जाडसर पोळ्या केल्या. आता मी पाण्यात करंगळी बुडवून बघते. ना गरम लागलं पाहिजे ना गार. आणि वाटीत फेस नसेल तर पुढं जायचं नाही, मैदा किती का चाळलेला असेना.

मंगळवारी रात्री मात्र शांतपणे बसले. प्रमाण असं घेतलं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ मिलि, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम म्हणजे सपाट अर्धा चमचा, आणि चमचाभर तेल. इन्स्टंट यीस्ट वेगळं भिजवावं लागत नाही, सरळ मैद्यात मिसळतं. साखर मुळीच घातली नाही. यीस्टला साखर लागतेच असं मला वाटायचं, पण लांब मुरवायचं असेल तर मैद्यातल्या पिष्टाची साखर होत जाते आणि यीस्टला ती पुरते.

इतक्या पाण्याचं पीठ आपण पोळीसाठी कधीच भिजवत नाही. हाताला नुसतं चिकटत होतं. मी आणखी मैदा घ्यायला डब्याकडे वळले, तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. त्यांनी परातीत वाकून बघितलं, दोन बोटांनी पीठ उचलून खाली लोंबू दिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही पुरणपोळीची कणीक की गं. हिला पीठ लावतात व्हय? तेलाचा हात लाव आणि तिंब."

मी बाजूला सरकले. त्यांनी बांगड्या मागं सारल्या, हाताला तेल लावलं आणि तिंबायला सुरुवात केली. पीठ उचलायचं, परातीत आपटायचं, तळहाताच्या गादीनं पुढं रेटायचं, दुमडून परत मागं आणायचं. परात ओट्यावर सरकत होती म्हणून खाली ओलं फडकं घातलं. पहिली पाच मिनिटं काही फरक दिसला नाही. मग गोळा परात सोडायला लागला. बारा-तेरा मिनिटांनी तो असा गुळगुळीत झाला की वर दिव्याचा उजेड चमकायला लागला. त्यांनी लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणला. तो फाटला नाही, पातळ होत होत पडद्यासारखा झाला आणि पलीकडून त्यांच्या बोटांच्या सावल्या दिसल्या. पाव-पिझ्झा करणारे पीठ तयार झालं की नाही ते नेमकं असंच बघतात. मी हे वाचलं होतं. सासूबाईंनी वाचलं नव्हतं; त्यांनी होळीच्या पुरणपोळ्या पन्नास वर्षं केल्यात.

आपल्या साध्या मैद्यात प्रथिनं बेताचीच असतात. माझ्या पाकिटावर १०० ग्रॅमला १० ग्रॅम लिहिलं होतं. पावाचं खास पीठ मिळतं त्यात ती १२-१३ पर्यंत जातात. म्हणून आपल्या मैद्याला तिंबणं जास्त लागतं आणि आराम जास्त लागतो. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या हातोटीला युनेस्कोनं २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. त्या रात्री सासूबाईंचे हात बघताना मला तो निर्णय फार योग्य वाटला. पीठ मळणं ही शिकण्यासारखी, जपण्यासारखी विद्या आहे, मग ती नेपल्समधली असो की आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतली.

गोळा तासभर झाकून ठेवला, मग त्याचे चार सारखे गोळे केले, प्रत्येक जेमतेम २१० ग्रॅमचा. तेल लावलेल्या डब्यांत एकेक घालून फ्रिजमध्ये ठेवून दिले. थेट गुरुवारी संध्याकाळपर्यंत. मुलांना हे पटत नव्हतं. "आजच करूया की," धाकटा दर दोन तासांनी येऊन म्हणायचा. पण गारव्यात यीस्ट सावकाश काम करतं आणि त्या सावकाशीतच चव तयार होते. बुधवारी डबा उघडला तर वास नुसता ओल्या पिठाचा होता. गुरुवारी उघडला तर ताकासारखा, किंचित फळासारखा वास आला आणि झाकणाला खालून फुगे टेकले होते. फ्रिजमधून काढल्यावर दोन तास तरी बाहेर ठेवावा लागतो. गार गोळा ताणायला गेलं की रबरासारखा मागं येतो.

सॉस बुधवारीच करून ठेवला. पावसाळ्यात टोमॅटो महाग, तरी किलोभर आणले, कारण कमी घेऊन चालत नाही. आपल्याकडचे टोमॅटो वाहतुकीला टिकावेत असे असतात, साल जाड आणि आत पाणी भरपूर. देठाकडून चिरा देऊन गरम पाण्यात मिनिटभर टाकले, साली काढल्या, हातानंच कुस्करले. पसरट कढईत दोन चमचे तेलात पाच पाकळ्या लसूण ठेचून टाकला, तो पिवळा व्हायच्या आत टोमॅटो ओतले. झाकण ठेवायचं नाही. चाळीस मिनिटं आटवल्यावर किलोचा दीड वाटी सॉस झाला. कढईच्या तळाला उलथन्यानं रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे; बाजूचं पाणी धावून येऊन रेघ बुजवत असेल तर अजून आटवायचं. मीठ घातलं. ओरेगॅनोच्या पुड्या संपल्या होत्या म्हणून चिमूटभर ओवा तळहातावर चोळून टाकला. थायमॉल हे वास देणारं द्रव्य ओव्यात भरपूर असतं आणि ओरेगॅनोतही, त्यामुळे वास परका वाटत नाही. सासूबाई कांदा-लसूण चटणीचा डबा घेऊन उभ्या होत्या. सॉसमध्ये मी ती घालू दिली नाही. आमच्या घरची चटणी इतकी जोरकस आहे की टोमॅटो तिच्यापुढं दिसेनासा होतो. पण त्यांचं मन मोडवेना आणि कल्पनाही वाईट नव्हती, म्हणून कांदा मंद आचेवर लालसर परतला त्यात अर्धा चमचा चटणी टाकली. ते फार चांगलं झालं.

आता मिरची. गडहिंग्लजच्या बाजारातून दरवर्षी संकेश्वरी येते ती घरात होतीच. लांब, सुरकुतलेली, तिखट असते पण नुसतीच जाळत नाही, चवही देते. लवंगी घ्यावी असं लेकीचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं, कारण लवंगीचं तिखट एकदम येतं आणि दुसऱ्या कशाला बोलू देत नाही. सहा मिरच्या घेतल्या. पावसाळी हवेनं त्या सादळून चामड्यासारख्या झाल्या होत्या, तशाच कुटल्या असत्या तर लगदा झाला असता. कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजल्या, गार झाल्यावर मोडून बघितल्या, 'टक्' असा आवाज आला तेव्हाच खलबत्त्यात घातल्या. निम्म्या बिया काढून जाडसर कुटल्या. छोट्या पातेल्यात दोन चमचे तेल गरम करून गॅस बंद केला आणि मग मिरची टाकली. मिरचीचं तिखट तेलात उतरतं, पाण्यात नीट उतरत नाही. गॅस चालू ठेवून मिरची घातली तर करपते, म्हणून गॅस बंद करणं महत्त्वाचं. त्यावर चार मोठे चमचे काकवी, चिमटीभर मीठ, चमचाभर लिंबाचा रस. ढवळून बाटलीत भरली आणि रात्रभर ठेवली.

सकाळी चमच्यानं चाखली तर डोळ्यांत पाणी आलं. लेक म्हणाली, "आई, हे फार झालं." मलाही तसंच वाटलं आणि मी आणखी काकवी घालायला निघाले होते, पण थांबले. चीज दुधाचं असतं. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन मिरचीच्या तिखटाला धरून ठेवतं, म्हणून तर तिखट लागल्यावर आपण दूध-दही मागतो. नुसतं चाखताना जे तिखट जाळतं, ते चीजवर पडलं की निम्म्यानं खाली येतं. तेव्हा चव बघायची तर चीजच्या तुकड्यावर थेंब टाकून बघायची. तशी बघितली आणि काही बदललं नाही.

अननसाचा विषय धाकट्यानं काढला. पिझ्झावर फळ घालणं त्याला मान्यच नव्हतं. आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१७ मध्ये शाळकरी मुलांसमोर सांगितलं होतं की आपल्या हातात असतं तर पिझ्झावरच्या अननसावर बंदी घातली असती. हा दाखला तो दोन दिवस देत होता. लेकीनंही शोधून काढलं की अननसाच्या पिझ्झाला हवाईयन म्हणत असले तरी तो हवाईत जन्मला नाही. कॅनडात, ऑन्टारियोतल्या चॅटम गावात, सॅम पॅनोपोलस नावाच्या मूळच्या ग्रीक माणसानं १९६२ मध्ये आपल्या हॉटेलात तो पहिल्यांदा केला. ग्रीक माणूस, कॅनडातलं गाव, इटलीचा पदार्थ, नाव हवाईचं. मग कोल्हापुरात त्यावर काकवी पडली तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. अननसाचं गोड-आंबट मला हवंच होतं. हातगाडीवर मीठ-तिखट लावून देतात ती फोड डोळ्यांसमोर होती.

गुरुवारी संध्याकाळी पाचला गोळे बाहेर काढले. आमचा ओव्हन साधा ओटीजी आहे, म्हणजे विजेच्या कॉइलवर चालणारा छोटा, २५० अंशांच्या वर जात नाही. नेपल्सच्या लाकडाच्या भट्ट्या ४०० अंशांच्याही पुढं तापतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. ती आच घरी आणता येत नाही, पण खालून जोराचा चटका देता येतो. त्यासाठी भाकरीचा बिडाचा तवा, बिनदांड्याचा, ओव्हनच्या जाळीवर ठेवला आणि दोन्ही कॉइल चालू करून पाऊण तास तापवला. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की गार पीठ टाकल्यावरही लगेच मार खात नाही. पत्र्याच्या ट्रेवर पिझ्झा वरून होतो आणि खालून पांढरा राहतो, त्यावर हाच इलाज.

गोळा लाटायचा नाही. दोन दिवसांत त्यात जी हवा साठली ती लाटण्यानं सगळी निघून जाते. सुक्या मैद्यावर ठेवून बोटांच्या पेरांनी मधून बाहेर दाबत जायचं, काठाला हात लावायचा नाही, मग दोन्ही मुठींवर घेऊन फिरवत ताणायचं. सासूबाईंना एकदा दाखवलं आणि पुढचे गोळे त्यांनीच केले. भाकरी थापणाऱ्या हाताला पिठाची जाडी न बघता कळते. पिझ्झा तव्यावर सोडायचा कसा हा माझ्यासमोरचा प्रश्न होता. स्टीलचं ताट पालथं घातलं, त्यावर जाड रवा भुरभुरला, त्यावर पिझ्झा मांडला. रव्याच्या कणांवर तो सरकतो. मात्र सॉस लावल्यावर रेंगाळायचं नाही, ओल खाली उतरली की ताटाला चिकटलाच.

पहिल्या पिझ्झाला मी काकवी आधी लावली. सॉसवर काकवीची धार, त्यावर चीज, कांदा, ढबू मिरची आणि वरून पुन्हा थोडी काकवी. माझा विचार असा की भाजताना ती आत मुरेल. तिसऱ्या मिनिटाला घरभर खमंग वास सुटला, पाचव्या मिनिटाला तो कडवट झाला. काठावर ओघळलेली काकवी काळी पडून तव्याला चिकटली होती, वरचे थेंब कोळशासारखे कडक झाले होते. उसाच्या पाकात साध्या साखरेखेरीज फ्रुक्टोज म्हणजे फळसाखरही असते आणि फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच करपायला लागतं. २५० अंशांत ती टिकायचीच नव्हती. चीजखालची काकवी जळली नाही, पण सॉसमध्ये मिसळून गेली, तिचं वेगळं असं काही राहिलं नाही. मला वाईट वाटलं ते पिझ्झापेक्षा काकवीचं. गुळव्यानं धार बघून अचूक क्षणी काढलेली ती वस्तू मी पाच मिनिटांत जाळून टाकली होती.

तवा खरडून पुन्हा तापवला. दुसऱ्यावर काकवी न घालता अननस घातला, ताजा, चिरून तसाच. आठ मिनिटांनी बाहेर काढला तर मधोमध तळं. अननसाच्या फोडींनी पाणी सोडलं होतं आणि मधला भाग ओला, लिबलिबीत. पण आणखी एक गोष्ट झाली होती. फोडींच्या भोवतालचं चीज तार धरत नव्हतं, दाणेदार झालं होतं. कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या, अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते प्रथिनं तोडतं. कच्च्या अननसात दूध घातलं की कडू होतं तेही त्यामुळंच. डब्यातला अननस उष्णता देऊनच भरलेला असतो, म्हणून त्याचा असा त्रास होत नाही. धाकट्यानं आइसलँडचं नाव पुन्हा काढलं. मी उरलेल्या फोडी रोजच्या तव्यावर घेतल्या, मीठ आणि चिमटीभर तिखट भुरभुरून मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजल्या. पाणी तव्यावरच उडालं, ब्रोमेलेनचा जोर आचेनं संपला आणि फोडी आकसून निम्म्या झाल्या. एक फोड त्याच्या तोंडात घातली. नंतर तो काही बोलला नाही, तव्याजवळच उभा राहिला.

तिसरा गोळा सासूबाईंनी सगळ्यांत पातळ ताणला. सॉस तीन चमचे, त्याहून जास्त नाही. पळी गोल फिरवत काठाच्या बोटभर अलीकडे थांबायचं. त्यावर ८० ग्रॅम मोझरेला, लादीतून घरीच किसलेलं. किसून पाकिटात मिळतं त्याला चिकटू नये म्हणून पिष्ट लावलेलं असतं आणि ते नीट वितळत नाही. मग चटणीत परतलेला कांदा, ढबूच्या पातळ चकत्या, भाजलेल्या अननसाच्या फोडी लांब लांब ठेवलेल्या. वरून पांढरे तीळ, पंचामृताची आठवण म्हणून. ताट तव्याला टेकवलं, एक झटका दिला आणि पिझ्झा सरकून बसला. खालून चर्र असा आवाज आला.

आम्ही चौघं ओव्हनच्या काचेसमोर वाकून बसलो होतो. दुसऱ्या मिनिटाला काठ फुगायला लागला. आधी एका बाजूला, मग सगळीकडून, टम्म. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चीज पसरून बुडबुडे येऊ लागले. पाचव्या मिनिटाला खालची कॉइल बंद करून फक्त वरची ठेवली. सात मिनिटं झाली तेव्हा काठावर तपकिरी फोड आले होते, दोन-तीन ठिकाणी काळे ठिपके, भाकरीवर येतात तसे. बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवला. उलथन्यानं उचलून खाली बघितलं, चित्त्यासारखे ठिपके पडले होते. पण घाई केली नाही. मिनिटभर थांबले, चीजची उकळी बसू दिली. मग काकवीची बाटली घेतली.

चमच्यातून धार सोडली तेव्हा ती उष्णतेनं लगेच पातळ झाली आणि चीजच्या खळग्यांत जाऊन बसली. मिरचीचे लाल कण वर राहिले. एका पिझ्झाला दीड चमचा पुरे झाली. वास आधी उसाचा आला आणि लगेच मागून मिरचीचा, लेकीला ठसकाच लागला. सुरीनं कापताना काठ कुरकुरला.

चव जशी मनात होती तशीच जिभेवर आली, क्रमासकट. काकवी पहिल्यांदा, कारण ती सगळ्यांत वर. मग चीजचा खारटपणा, मग सॉसचा आंबटपणा, मध्येच अननसाची फोड लागली तर तिचा धूर आणि रस. मिरची सगळ्यांत शेवटी, घशात, आणि तिथं ती थांबते. दुसरा घास घेतल्याशिवाय ती जात नाही. लेक म्हणाली, पुण्यातल्या पिझ्झापेक्षा हा खोल लागतो. 'खोल' हा तिचा शब्द, पण मला तो बरोबर वाटला. हे कामावरून भिजून आले होते, टॉवेल डोक्यावर तसाच ठेवून उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले. धाकट्यानं अननसाचा तुकडा मागून घेतला.

चौथा गोळा फ्रिजमध्येच राहिला. शनिवारी सकाळी लेकीची पुण्याची गाडी होती. सहा वाजता उठून बघते तर सासूबाईंनी तो बाहेर काढून ठेवला होता आणि ओव्हन न लावताच त्यांचं काम चाललं होतं. बिडाचा तवा गॅसवर, त्यावर ताणलेला गोळा. खालून फोड आले की उलटला, भाजलेल्या बाजूवर लसणाचा लाल ठेचा लोण्यात कालवून लावला, थोडं चीज किसून टाकलं, वर झाकण ठेवून आच बारीक केली. तीन मिनिटांत चीज वितळलं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी खुशाल असाच करावा. काठ तेवढा फुगत नाही, पण खालची बाजू उलट जास्त खमंग होते. चार दिवसांचं पीठ होतं, त्याचा आंबूसपणा ठेच्याला फार छान लागला.

त्यांनी तो दुमडून अॅल्युमिनियमच्या कागदात बांधला आणि काकवीची बाटली उजेडाकडे धरून बघितली. तळाला दोन-तीन चमचे उरली होती. ती सगळी एका छोट्या डबीत ओतली, झाकण घट्ट लावून लेकीच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "खायच्या वेळी वरनं घाल. आधी घालू नकोस."